समोर नसलेल्या माणसाच्या अंतर्मनाचं पोस्टमॉर्टम

१९६४ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि रिपब्लिकन पक्षाकडून बॅरी गोल्डवॉटर उभे होते. ॲरिझोनाचे सिनेटर, कट्टर उजवे, तोंडाला लगाम नाही, अणुबॉम्बबद्दल असं काहीबाही बोलून जायचे की लोकांच्या पोटात गोळा यायचा. 'फॅक्ट' नावाच्या एका मासिकाने काय केलं, तर १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं पाठवली आणि विचारलं की हा माणूस या पदासाठी मानसिकदृष्ट्या फिट आहे का. २,४१७ जणांची उत्तरं आली, त्यातले १,१८९ म्हणाले नाही, आणि हाच आकडा मासिकाने ठळक अक्षरात कव्हरवर छापला. आत डॉक्टरांची मतं होती. कुणी त्यांना हिटलर-स्टालिनच्या पंक्तीत बसवलं, कुणाला त्यांच्यात स्वतःच्या पुरुषत्वाबद्दलची छुपी भीती दिसली, एकाच्या मते वडील ज्यू होते याबद्दल त्यांनी वडिलांना मनातून कधी माफच केलं नव्हतं. हे सगळं कोणाबद्दल, तर ज्याला यातल्या डॉक्टरांनी कधी समोर बसवून तपासलेलंच नाही अशा माणसाबद्दल.

मला या सगळ्यात आवडतात ते ५७१ जण, ज्यांनी कळवलं की मत द्यायला आमच्याकडे पुरेशी माहिती नाही. (६५७ जण म्हणाले फिट आहे, तेही न तपासताच, त्यामुळे ती बाजू पण काही धुतल्या तांदळाची नाही.) गोल्डवॉटर निवडणूक दणकून हरले, पण नंतर मासिकावर अब्रुनुकसानीचा खटला टाकला आणि तो जिंकले, नुकसानभरपाई म्हणून एक डॉलर आणि मासिक आणि त्याचा संपादक मिळून दंड म्हणून ७५ हजार डॉलर. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने नियमच केला की ज्या व्यक्तीला तुम्ही स्वतः तपासलं नाही आणि जिची परवानगी नाही, तिच्या मनाबद्दल जाहीर व्यावसायिक मत द्यायचं नाही. यालाच गोल्डवॉटर रूल म्हणतात.

आपल्याकडे आपण सगळ्यांनी मिळून हा नियम उलटा करून ठेवलाय, जेवढी ओळख कमी तेवढं निदान पक्कं. २०२० च्या जूनमध्ये मुंबईत एका तरुण अभिनेत्याचा मृत्यू झाला तेव्हाचे ते महिने आठवा, लॉकडाऊनमध्ये घरी बसलेले आपण आणि टीव्हीवर रोज संध्याकाळी त्या मुलाचं लहानपण, त्याची आई, त्याच्या जुन्या पोस्ट, त्याच्या मैत्रिणीचा 'मॅनिप्युलेटिव्ह स्वभाव', सगळं उकलून दाखवणारे पॅनेल. ऑगस्टमध्ये प्रेस कौन्सिलला चक्क सांगावं लागलं की समांतर खटला चालवू नका. आणि हे फक्त चॅनलचं नाही. नेत्याने भाषणात एक शब्द चुकून वेगळा वापरला की 'अंतर्मनातलं बाहेर आलं', क्रिकेटर मैदानावर चिडला की 'बापाने बालपणी दाबून ठेवलेलं', लग्न मोडलं की दोघांपैकी एक नार्सिसिस्ट आणि दुसऱ्याला अटॅचमेंट इश्यू. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड नावाच्या डॉक्टरने मांडलेल्या कल्पना आज कुणाच्याही मोबाईलमध्ये आहेत आणि त्या वापरायला काहीही लागत नाही, ना शिक्षण, ना समोर माणूस.

माझं म्हणणं सरळ आहे. समोर नसलेल्या, बोलायची संधी नसलेल्या माणसाचं अंतर्मन वाचणं जाहीरपणे बंद व्हायला हवं, आणि हे मी फ्रॉइड खोटा आहे म्हणून म्हणत नाहीये, उलट त्याच्याच पद्धतीचा निकष लावला तरी हे बसत नाही म्हणून म्हणतोय.

कारण अंतर्मन ही थाप आहे असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्याच डोक्यात काय चाललंय ते आपल्याला पूर्ण कळत नाही, हा फ्रॉइडचा मूळ मुद्दा बऱ्यापैकी टिकलाय, भले त्याने वर्णन केलेलं कामवासनेचं आणि आई-बाप-मुलाच्या त्रिकोणाचं तपशीलवार प्रकरण टिकलेलं नसो. १९७७ मध्ये निस्बेट आणि विल्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक पेपर लिहिला, त्यातला दुकानातला प्रयोग मस्त आहे. टेबलावर नायलॉन स्टॉकिंग्जच्या चार जोड्या ओळीने मांडल्या, चारही हुबेहूब एकसारख्या, आणि गिऱ्हाइकांना विचारलं यातली सगळ्यात चांगली कोणती. सगळ्यात उजवीकडची जोडी सगळ्यात डावीकडच्या जोडीच्या जवळपास चौपट वेळा निवडली गेली. का निवडली विचारलं तर लोक विणकाम चांगलं आहे वगैरे कारणं द्यायचे. जागेमुळे निवडली असेल का असं विचारलं की नाही नाही, काहीतरीच काय. म्हणजे माणसाला स्वतःचं खरं कारण माहीत नसतं आणि तरी तो छान कारण देतो, इथपर्यंत फ्रॉइडवाले खूश.

पण त्याच पेपरमध्ये अजून एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. प्रयोगात नसलेल्या बाहेरच्या लोकांना नुसतं वर्णन सांगून विचारलं की माणूस असं का वागला असेल, तर त्यांचे अंदाज प्रयोगात भाग घेतलेल्यांनी स्वतःबद्दल दिलेल्या कारणांसारखेच निघाले, आणि तितकेच चुकलेले. आता याचा अर्थ बघा. मला माझं मन नीट दिसत नाही हे मान्य, पण म्हणून ते तुला दिसतं असं कुठून आलं? दोघंही आपापल्या डोक्यातली तयार गोष्ट सांगतोय. 'तुझं तुला कळत नाहीये' इथून 'मला कळलंय' इथे मारलेली उडी ही या सगळ्या धंद्यातली चोरवाट आहे.

फ्रॉइडला ही अडचण माहीत नव्हती असं समजू नका, माणूस फार हुशार होता. १९२५ च्या एका छोट्या निबंधात तो सांगतो की पेशंट म्हणाला, स्वप्नातली ती बाई कोण होती विचारताय, माझी आई तर नक्कीच नव्हती, की आपण समजून घ्यायचं, ती आईच होती. यावर लोकांनी आक्षेप घेतलाच, की ही तर छापा पडला तर मी जिंकलो आणि काटा पडला तर तू हरलास अशी गंमत झाली, पेशंट हो म्हणाला तर डॉक्टर बरोबर आणि नाही म्हणाला तर त्याचा 'विरोध' म्हणून परत डॉक्टरच बरोबर. हा आक्षेप फ्रॉइडने १९३७ मध्ये स्वतः लिहून मांडला आणि त्याला उत्तर दिलं. उत्तर असं की पेशंटच्या नुसत्या 'नाही' ला अर्थ नाही तसाच नुसत्या 'हो' लाही नाही, डॉक्टरचा अंदाज बरोबर होता की चूक हे त्यानंतर पेशंट काय बोलतो, कोणत्या नव्या आठवणी येतात, गाडी पुढे सरकते की तिथेच अडकते, यावरून ठरतं.

हे उत्तर पूर्ण समाधानकारक आहे का, तर कार्ल पॉपरसारख्या तत्त्वज्ञांना नव्हतं, त्यांचं म्हणणं जी थिअरी कशानेच खोटी ठरू शकत नाही ती विज्ञान नव्हे. पण आपण क्षणभर फ्रॉइडचं उत्तर जसंच्या तसं मान्य करू. त्यात अट काय आहे? पेशंट तिथे पाहिजे. आठवड्यातून चार-पाच दिवस, महिनोन् महिने येऊन बोलणारा माणूस पाहिजे, जो तुमचा अंदाज ऐकून गप्प बसू शकतो, हसू शकतो, उठून जाऊ शकतो. शिवाय विश्लेषकाने आधी स्वतःचं विश्लेषण करून घेतलेलं पाहिजे, कारण पेशंटबद्दलचा राग-लोभ त्याच्याही डोळ्यावर येतो, म्हणून १९२० च्या दशकापासून ट्रेनिंगमध्ये ते सक्तीचंच झालं. मनोविश्लेषणाकडे स्वतःला तपासायची जी काही तुटपुंजी सोय आहे ती एवढीच. माणूस समोरून काढून घेतला की तीही गेली, मग उरतो तो फक्त बोलणाऱ्याचा आत्मविश्वास.

आणि समोर माणूस असतानासुद्धा हे किती घसरतं याचं उदाहरण फ्रॉइडनेच लिहून ठेवलंय. १९०० साली एक बाप आपल्या अठरा वर्षांच्या मुलीला त्याच्याकडे घेऊन आला. फ्रॉइडने तिला 'डोरा' नाव दिलं. बापाचे एका कौटुंबिक मित्राच्या बायकोशी संबंध होते, आणि तो मित्र या मुलीच्या मागे लागला होता, ती चौदाची असताना त्याने तिला एकटीला गाठून जबरदस्तीने चुंबन घेतलं, पुढे एका तळ्याकाठी सरळ मागणी घातली, तिने थोबाडीत मारली आणि घरी येऊन सांगितलं. घरच्यांनी काय केलं, तर त्या गृहस्थाला विचारलं, तो नाही म्हणाला, आणि मुलीच्या मनाचे खेळ आहेत असं ठरलं. फ्रॉइडचं मोठेपण असं की त्याने तिच्या हकिकतीवर विश्वास ठेवला. आणि लगेच पुढची पायरी अशी की चौदा वर्षांच्या मुलीला त्या चुंबनाची किळस आली हेच त्याने आजाराचं लक्षण ठरवलं, तिला आत कुठेतरी तो माणूस हवाच होता असा निष्कर्ष काढला, ती नाही म्हणत राहिली आणि तो हो समजत राहिला. अकरा आठवड्यांनी, ३१ डिसेंबरला, ती उठून गेली. पुढे तिने स्वतः त्या जोडप्याला गाठलं, बाईने संबंध नाकारले नाहीत आणि बुवाने तळ्याकाठचा प्रसंग कबूल केला. हे फ्रॉइडने १९०५ मध्ये छापलेल्या त्याच केसच्या शेवटी दिलंय.

मला वाटतं ही केस प्रत्येक 'तू डिनायलमध्ये आहेस' म्हणणाऱ्याला वाचायला द्यावी. तिथे निदान डोराकडे उठून जायचा दरवाजा होता. टीव्हीवर ज्याचं विश्लेषण चाललंय त्याला तोही नाही, आणि मेलेला असेल तर मग विचारायलाच नको.

फ्रॉइडला स्वतःलाही हा मोह आवरला नाही हे सांगायला पाहिजे, नाहीतर मी त्याला उगाच संत करतोय असं वाटेल. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यावर त्याने विल्यम बुलिट या राजनैतिक अधिकाऱ्याबरोबर मिळून एक आख्खं पुस्तक केलं. बुलिट पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहावरून विल्सनवर चिडून सरकारी काम सोडून आलेला माणूस, आणि फ्रॉइडने प्रस्तावनेतच कबूल केलंय की विल्सन आपल्याला पहिल्यापासून आवडत नाहीत. कधी भेट नाही, तपासणी नाही, वर आवडही नाही. निष्कर्ष काय तर बापाची भक्ती, बापाशी न झालेलं भांडण, देवाच्या जागी बाप आणि येशूच्या जागी स्वतः. पुस्तक बाहेर आलं १९६० च्या दशकात, तेव्हा फ्रॉइडला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, आणि त्याच्या अनुयायांनाच ते वाचून ओशाळल्यासारखं झालं, यातलं बरंचसं बुलिटचंच आहे असं सांगून त्यांनी हात झटकले. प्रत्यक्ष गुरूचं हे होतं तर रात्री नऊच्या डिबेटला आलेल्या तज्ज्ञाचं काय होणार.

समोरून एक दमदार उदाहरण येतं, ते टाळता येणार नाही. १९४३ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने वॉल्टर लँगर या मनोविश्लेषकाकडून हिटलरचा अभ्यास करून घेतला, आणि हरायची वेळ आली तर हा माणूस बहुधा आत्महत्या करेल असं त्याने लिहून दिलं, जे खरं झालं. मग न भेटता वाचता येतं की! थोडं थांबा. एक तर त्याने हिटलरला जवळून ओळखणाऱ्या कितीतरी लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. दुसरं, त्याच रिपोर्टमध्ये हिटलरच्या लैंगिक विकृतीबद्दलची जी पानं आहेत ती बरीचशी त्याच्या शत्रूंनी सांगितलेल्या ऐकीव गोष्टींवर उभी आहेत, ती मात्र कोणी उदाहरण म्हणून देत नाही. आणि मुख्य म्हणजे तो युद्धकाळातला गुप्त अहवाल होता, कव्हरस्टोरी नव्हती. सरकारला शत्रूबद्दल अंदाज बांधावे लागतात, बांधू देत. अंदाज आणि जाहीर निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरकारचं निघालंच आहे तर, आपल्या सैन्यात अधिकारी व्हायला एसएसबीच्या परीक्षेला बसलेल्या पोरांना विचारा, अंतर्मनाची परीक्षा काय असते ते. धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, मग चार मिनिटांत गोष्ट लिहायची, अशी बारा चित्रं आणि त्यातलं शेवटचं तर चक्क कोरं. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य. चित्रांची परीक्षा हार्वर्डमध्ये १९३० च्या दशकात तयार झाली आणि शब्दांचा प्रकार फ्रॉइडचा एकेकाळचा सहकारी युंग याच्या झुरिकमधल्या प्रयोगांपासून चालत आलाय, कल्पना हीच की माणूस बेसावधपणे स्वतःलाच गोष्टीत ओतेल. गंमत म्हणजे यावर कोचिंग क्लास आहेत, जिथे अंतर्मनातून काय बाहेर यायला हवं त्याची रीतसर तयारी करून घेतात, हिरो गावात पूर आला की लगेच दोर शोधतो, मित्रांना गोळा करतो, शेवटी सगळे वाचतात. मी हसतोय खरा, पण या पद्धतीबद्दल एक गोष्ट मान्य करायला पाहिजे, पोरगा स्वतःच्या मर्जीने आलेला असतो, समोर असतो, आणि फक्त मानसशास्त्रज्ञाच्या मतावर काम होत नाही, मुलाखत घेणारा वेगळा, मैदानावर बघणारा वेगळा, तिघांचं जुळावं लागतं. निव्वळ चार गोष्टी वाचून कुणाचं आयुष्य ठरवायचं नाही एवढी अक्कल सैन्याला आहे.

कोर्टालाही ती आली, जरा उशिरा. नार्को टेस्टची आपल्याकडे काय क्रेझ होती आठवतंय का, सोडियम पेंटोथलचं इंजेक्शन, गुंगीतला आरोपी आणि ते व्हिडिओ चॅनलवर, जणू मनाच्या तळाशी सत्य लॉकरमध्ये ठेवलंय आणि औषध म्हणजे किल्ली. पुण्यात २००८ मध्ये तर एका खून खटल्याच्या निकालात मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या टेस्टचा आधार घेतला गेला होता. सुप्रीम कोर्टाने ५ मे २०१० ला सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग काहीही करता येणार नाही, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणालाही भाग पाडता येत नाही. म्हणजे खुनाच्या आरोपीला सुद्धा स्वतःच्या डोक्याच्या आत जाऊ न देण्याचा हक्क आहे. ज्याच्यावर कसलाच आरोप नाही त्याला तो नको?

आणि वाचणाऱ्याच्या चष्म्याचं काय? कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस नावाचे डॉक्टर होते, त्यांनी १९२२ मध्ये इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटी काढली, फ्रॉइडशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. त्यांनी फ्रॉइडला नम्रपणे कळवलं की तुम्ही म्हणता ती बापाकडून खच्चीकरण होण्याची भीती माझ्या भारतीय पेशंटमध्ये युरोपियन पेशंटइतकी ठळक दिसत नाही, उलट पुरुषांमध्ये स्त्री होण्याची इच्छा इथे जास्त सहज सापडते. फ्रॉइडने आदराने ऐकलं आणि स्वतःची थिअरी जिथे होती तिथेच ठेवली. कोण बरोबर ते सोडा, पण एकाच शाळेचे दोन निष्ठावंत, दोघंही रोज पेशंट बघणारे, त्यांना माणसाच्या तळाशी वेगवेगळं दिसत होतं. आपल्या पॅनेलवरच्या माणसाला मात्र कोल्हापुरातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या दोघांच्याही तळाशी तेच एक सोशल मीडियावरून आलेलं चाइल्डहुड ट्रॉमा दिसतं.

महाराष्ट्रात खरं तर आपल्याला दुसरी चांगली सवय लागू शकली असती. अल्बर्ट एलिस हा मूळचा मनोविश्लेषकच, पण त्यातून बाहेर पडून त्याने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती काढली, आणि कि. मो. फडक्यांनी ती मराठीत आणली, रुजवली. तिचा सगळा भर माणसाच्या अशा समजुतींवर आहे ज्या त्याला स्वतःला बोलून दाखवता येतात आणि ज्यांच्यावर वाद घालता येतो. तिथे डॉक्टर म्हणतो तुमची ही समजूत अवास्तव दिसते, तपासून बघू, आणि पेशंटला मत असतं. ही पद्धत थोडी कोरडी आहे हे मान्य, दुःखाचं सगळंच काही समजुतींनी उलगडत नाही, आणि दीर्घकाळ चालणाऱ्या मनोविश्लेषणाच्या वळणाच्या थेरपीनेही लोकांना फायदा होतो असे अभ्यास आहेत. पण दोन्हीकडे बरं होणारा माणूस खोलीत बसलेला असतो.

एक आक्षेप राहिला, तो सगळ्यात वजनदार. देशाचा नेताच धोकादायक वाटत असेल तर तज्ज्ञांनी गप्प बसायचं का? २०१७ मध्ये ट्रम्प आल्यावर अमेरिकेत यावर जोरदार भांडण झालं, काही मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले इशारा देणं हे आमचं कर्तव्य आहे, असोसिएशनने मात्र नियम कायम ठेवला. माझं मत असोसिएशनच्या बाजूने. नेता खोटं बोलतो, कायदा मोडतो, लोकांना एकमेकांवर घालतो, हे म्हणायला डिग्री लागत नाही, पुरावा लागतो, आणि तो सगळ्यांसमोर असतो. त्याच्या आईने त्याला जवळ घेतलं नाही हे सांगून त्यात काय भर पडते? उलट नुकसान होतं, त्याच्या कृतीची जबाबदारी आजारावर जाते, आणि खरोखर त्या आजाराबरोबर जगणारे, कुणाला त्रास न देणारे हजारो लोक फुकट बदनाम होतात. शिवाय हेच हत्यार सत्तेच्या हातात गेलं की काय होतं ते सोव्हिएत रशियाने दाखवलंय, विरोधकांना 'सुस्त स्किझोफ्रेनिया' असं नाव देऊन हॉस्पिटलात डांबायचे.

आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा यावर चांगला आहे, लोक वाचत नाहीत. कलम ३ म्हणतं की उपचारासाठी किंवा कायद्याने सांगितलेल्या कामासाठी सोडून कुणालाही कुणी मनोरुग्ण ठरवायचं नाही, आणि राजकीय, सामाजिक कारणांवरून तर नाहीच. कलम २४ प्रमाणे मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही. पण व्यवहारात उलटंच होऊन बसलंय. ज्या डॉक्टरने माणसाला खरंच तपासलंय त्याचं तोंड कायद्याने बंद आहे, आणि बंदच असायला हवं, आणि ज्याने तपासलंच नाही तो मेकअप करून स्टुडिओत बसलाय, त्याला कोणी विचारत नाही.

म्हणून मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनांनी आपल्याकडेही हा नियम स्पष्ट शब्दांत लिहावा, मोडला तर सभासदाला जाब विचारावा, आणि चॅनलचा फोन आला की काय बोलायचं तेही ठरवून द्यावं. मी यांना तपासलेलं नाही, त्यामुळे यांच्याबद्दल बोलणार नाही. डिप्रेशन म्हणजे काय ते विचारा, लक्षणं विचारा, औषधं किती दिवस लागतात ते विचारा, आणि मी बोलत असेन तेवढा वेळ स्क्रीनवर खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चालू ठेवा. अँकरला हे आवडणार नाही, कदाचित पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलावतील. बोलावू देत.